मॅट्रिकचा वर्ग



आपल्या गावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द हटकून यायचा. तो शब्द म्हणजे 'मॅट्रिक'. "आमचे आजोबा मॅट्रिक झाले होते," असे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज थोडा चढायचा. आणि "मॅट्रिकला दोनदा बसले, पण गणिताने घात केला," असे सांगताना तोच आवाज खाली यायचा. ती परीक्षा आज राहिलेली नाही. 1949 साली तिची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली. तरी शाळेच्या शेवटच्या वर्गाभोवती जी आशा, जी भीती, जी धावपळ आपण दर मार्च महिन्यात पाहतो, तिचे मूळ त्या जुन्या मॅट्रिकच्या वर्गात आहे. त्या वर्गाची, आणि विशेषतः आपल्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या एका खाजगी शाळेतल्या त्या वर्गाची हकीगत आज सांगायची आहे.

आधी मॅट्रिक म्हणजे काय ते पाहू. या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे. म्हणजे ती परीक्षा शाळा संपल्याची नव्हे, कॉलेजात शिरण्याची! शाळेत सहा-सात वर्षे काढलेल्या मुलाच्या हाती शाळा स्वतः काही देत नसे. तो कितपत शिकला, हे मुंबईचे विद्यापीठ ठरवी. ही गोष्ट वाटते लहान, पण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तिच्यात आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. शंभरावर उमेदवार बसले. पास झाले वीस-बावीस. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, 1862 साली, पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होते. म्हणजे चाळणी फार बारीक होती. पुढेही पुष्कळ वर्षे बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले नापास होत. इंग्रजी, गणित, संस्कृतसारखी एखादी दुसरी भाषा, शिवाय इतिहास, भूगोल आणि शास्त्राची तोंडओळख, आणि हे सारे परक्या भाषेत लिहायचे. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या गावातून आलेल्या पोराला हे किती जड जात असेल, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आणि तिथवर पोचणे तरी कुठे सोपे होते? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच पाहा ना. मुरूडचा हा मुलगा 1875 साली मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. पावसाचे दिवस, वाटेत सह्याद्रीचा घाट, शंभरावर मैलांची मजल. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. अंगकाठी लहान, एवढाच त्याचा अपराध. पण मुलगा चिवट. पुढल्या वर्षी ती परीक्षा त्याने कोल्हापुरास दिली. मग इंग्रजी शिकला, मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशनरी शाळेत गेला, आणि 1881 साली मॅट्रिक झाला. वय तेवीस! आज त्या वयाला मुले पदवी घेऊन नोकरीला लागलेली असतात.

गोपाळ कृष्ण गोखले यांची गोष्टही अशीच. वडील वारले तेव्हा थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यातले आठ रुपये दरमहा तो धाकट्या गोपाळला पाठवी. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. गोपाळ 1881 साली मॅट्रिक झाला. कुणी वार लावून जेवत होता, कुणी माधुकरी मागत होता, कुणी नातेवाइकाच्या घरी पाणी भरून राहत होता. मॅट्रिकच्या वर्गातल्या एकेका बाकामागे अशी एकेक ओढाताण उभी होती. कारण त्या परीक्षेच्या पलीकडे कचेरीतली नोकरी होती, वकिली होती, डॉक्टरकी होती. अलीकडे मात्र फारसे काही नव्हते.

आता शाळा कोणत्या होत्या ते बघू. जिल्ह्याच्या गावी सरकारी हायस्कूल. मोठ्या शहरात मिशनऱ्यांच्या शाळा. आपल्या लोकांनी काढलेल्या इंग्रजी शाळा थोड्या, आणि त्यांची पतही बेताची. चांगले इंग्रजी शिक्षण साहेबाच्या देखरेखीखालीच मिळणार, असा समज खोल रुजला होता. तो खोडून काढायचा चंग पुण्यात काही तरुणांनी बांधला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे 'निबंधमाले'मुळे महाराष्ट्रभर गाजलेले नाव. ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. 1879 साली त्यांनी ती नोकरी सोडली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोन तरुणांच्या मनात कॉलेजात असल्यापासून हाच विचार घोळत होता. महादेव बल्लाळ नामजोशी हे खटपटी गृहस्थ येऊन मिळाले. आणि 1880 च्या जानेवारीत पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात 'न्यू इंग्लिश स्कूल' सुरू झाले. वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे मोठे पंडित लवकरच आले आणि शाळेचा कारभार त्यांनी हाती घेतला. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही विद्यार्थी वापरतात, तेच हे आपटे. आगरकर एम. ए. होऊन 1881 साली दाखल झाले. त्यांनी आपल्या आईला आधीच कळवून टाकले होते की, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे. ज्या माउलीने दारिद्र्यात मुलाला वाढवले तिला ते पत्र वाचून काय वाटले असेल!

म्हणजे पाहा, मॅट्रिक आणि पदवी होऊन जे सुख मिळवायचे, ते सारे हातात असताना या मंडळींनी ते बाजूला ठेवले. आणि कशासाठी? तर दुसऱ्यांची मुले मॅट्रिक करण्यासाठी. यात थोडा पेच आहे, आणि तो त्यांनाही कळत होता. शाळा स्वतंत्र, शिक्षक स्वाभिमानी, सरकारी मदत नाही; पण शेवटच्या वर्गाची परीक्षा मात्र सरकारी विद्यापीठाची. शाळेचे सगळे शिकवणे एका परक्या काट्यावर तोलले जाणार. मग त्यांनी ठरवले की, त्याच काट्यावर उतरून दाखवायचे.

आणि शाळा उतरली. त्या काळी मॅट्रिकला संस्कृतात जो वर येई त्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे, आणि ती मिळवणाऱ्या मुलाचे व शाळेचे नाव गावोगाव होई. आरंभीच्या वर्षांतच या शिष्यवृत्त्या न्यू इंग्लिश स्कूलकडे येऊ लागल्या. पटावरची संख्या शेकड्यांनी वाढली. 1882 साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी मोठे कमिशन नेमले. त्याचे अध्यक्ष विल्यम हंटर पुण्यास आले तेव्हा त्यांनी ही शाळा पाहिली. सरकारी मदत न घेता चालणारी ही शाळा सरकारी हायस्कुलांच्या बरोबरीने उभी राहू शकते, इतकेच काय पण दुसऱ्या देशांतल्या शाळांशीही तुलनेत कमी पडणार नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. दोन-अडीच वर्षांच्या शाळेला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

त्याच साली शाळेवर दोन घाव पडले होते. मार्च महिन्यात चिपळूणकर वारले, वय अवघे एकतीस. आणि जुलैत कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे याच मंडळींनी 1881 साली काढली होती. दोघे शिक्षक मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. इकडे शाळेचे काम चालू होते. आपला शिक्षक जे बोलतो त्यासाठी तुरुंगातही जातो, हे त्या वर्षीच्या वर्गाने डोळ्यांनी पाहिले. असा धडा कुठल्या पुस्तकात नसतो.

या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी दोघांकडे आपण जरा थांबून पाहू.

एक हरि नारायण आपटे. शाळा निघाली तेव्हा सोळाव्या वर्षात. चिपळूणकर गेले तेव्हा या मुलाने त्यांच्यावर 'शिष्यजनविलाप' नावाचे दीर्घ काव्य लिहिले. आगरकरांनी शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकाचे 'विकारविलसित' या नावाने भाषांतर केले, तर त्यावर लांबलचक टीका लिहिली ती याच हरिभाऊंनी! शिष्याने गुरूचे पुस्तक तपासावे, हे त्या शाळेच्या हवेत बसण्यासारखे होते. हरिभाऊ 1883 साली मॅट्रिक झाले. कॉलेजात गणिताने अडवले आणि पदवी काही मिळाली नाही. पण 1890 पासून 'करमणूक' पत्रात 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी येऊ लागली आणि घराघरांत विधवा मुलीचे दुःख वाचले गेले. पदवी नाही म्हणून कुणाचे काही अडले का?

दुसरे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले कवी केशवसुत. रत्नागिरी जिल्ह्यातले मालगुंड हे त्यांचे गाव. न्यू इंग्लिश स्कुलातून ते 1889 साली मॅट्रिक झाले, वय तेविसाच्या आसपास. शाळेच्या हिशोबाने हा विद्यार्थी मागे पडलेलाच म्हणायचा. शिष्यवृत्ती नाही, कॉलेज नाही. पुढे मुंबईत लहानसहान नोकऱ्या, मग खानदेशात शिक्षकी, शेवटी धारवाडला. 1905 साली हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. पण मराठी कवितेचा प्रवाह ज्याने वळवला तो हाच मास्तर. मॅट्रिकच्या निकालपत्रात हे कुठे दिसले असते?

मी हे परीक्षेची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. परीक्षेने शेकडो गरीब घरांना वर काढले, हे खरेच आहे. सांगायचे ते एवढेच की, त्या शाळेचे यश शंकरशेट शिष्यवृत्त्यांत मोजले गेले, आणि तिचे खरे पीक मात्र पुढे निराळ्याच शेतात उगवले.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि आपण खेड्यातल्या माणसांनी तीच आधी पाहिली पाहिजे. त्या मॅट्रिकच्या वर्गात कोण बसले होते? बहुतेक ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा घरांतली मुले. मुली तर नव्हत्याच. त्यांच्यासाठी पुण्यात हायस्कूल निघाले ते 1884 साली. आणि कुणब्याचा, माळ्याचा, महारामांगाचा मुलगा? तो गावच्या मराठी शाळेच्या दाराशीच अडलेला.

ज्या हंटर कमिशनने न्यू इंग्लिश स्कूलची वाखाणणी ऐकली, त्याच कमिशनपुढे त्याच 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन मांडले. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. हे उलटे आहे. आधी गावोगाव प्राथमिक शिक्षण द्या, निदान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, आणि मुलांना शेतीची व आरोग्याची माहिती द्या. हायस्कुलांतून जे शिकवतात ते रोजच्या जगण्याला उपयोगी नाही, असेही त्यांनी बजावले.

पुणे एकच, साल एकच, कमिशनही एकच. एका वाड्यात आपली माणसे सिद्ध करत होती की आम्ही साहेबाच्या तोडीची शाळा चालवू शकतो. आणि त्याच शहरात जोतीराव विचारत होते की, शाळा कुणासाठी? दोन्ही प्रश्न खरे होते. पहिल्याचे उत्तर पाच-दहा वर्षांत मिळाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, वीस वर्षे पंचाहत्तर रुपयांवर काम करण्याची शपथ घेणारे आजीव सभासद मिळाले. गोखले त्यांतलेच. पुढे सभासदांत मतभेद झाले आणि टिळक 1890 साली बाहेर पडले, पण संस्था उभी राहिली. दुसऱ्या प्रश्नाला मात्र फार थांबावे लागले.

कमिशनने स्वतःही एक शहाणी सूचना केली होती. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा ठेवा; एक कॉलेजकडे जाणारी, दुसरी धंद्याकडे, व्यवहाराकडे जाणारी. पण दुसऱ्या वाटेने जायला कुणी फारसे तयार होईना. सगळ्यांना मॅट्रिकच हवी. बाजारात जे नाणे चालते तेच लोक मागणार, त्यात त्यांचा काय दोष?

ते नाणेच नको, असे म्हणून पाहणारेही निघाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी 1906 साली समर्थ विद्यालय काढले. ते पुढे तळेगावला आले. सरकारी परीक्षा नाही, सरकारी पैसा नाही, शिक्षण मराठीतून आणि हाताला कामाची सवय. मुलांना विद्यापीठाचा शिक्का मिळणार नव्हता, तरी पालकांनी त्यांना धाडले. विजापूरकरांना त्यांच्या मासिकातल्या लेखाबद्दल तुरुंगात जावे लागले आणि 1910 साली सरकारने शाळाच बंद केली. मुले अर्ध्या वाटेवर राहिली. स्वतःच्या काट्याने तोलू म्हणणाऱ्या शाळेची ही गत झाली. यावरून कळते की, न्यू इंग्लिश स्कूलने परीक्षेशी जुळवून घेतले ते भित्रेपणाने घेतले नव्हते. ज्या मुलांचे पोट त्या परीक्षेवर अवलंबून, त्यांना मधेच सोडणार कसे?

आता जोतीरावांच्या प्रश्नाकडे येऊ. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. त्यांनी नेमके दुखणे ओळखले होते. हायस्कूल शहरात, मुलगा खेड्यात. मधले अंतर फीपेक्षा जेवणाचे आणि निवाऱ्याचे होते. वार लावून जेवण्याची सोय ब्राह्मणाच्या मुलाला होती, बाकीच्यांना कोण पानावर घेणार?

त्याच कोल्हापुरात शिकलेला एक मुलगा होता. इंग्रजी शाळेत सहावीपर्यंत गेला, मॅट्रिक काही झाला नाही. त्याचे नाव भाऊराव पाटील. या मॅट्रिक न झालेल्या माणसाने 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. एके दिवशी मुलांना जेवायला घालायला घरात काही उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले, हे तर साताऱ्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आणि 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे मुलाने फीऐवजी घाम द्यायचा. सकाळी शेतात खोरे, दुपारी वर्गात बीजगणित. 'कमवा आणि शिका' हे त्याचे नाव.

त्या शाळेतून मॅट्रिकला बसलेल्या मुलाचा विचार करा. परीक्षा तीच, विद्यापीठही तेच. परंतु त्याच्या हाताला घट्टे होते, आणि शेजारी बसून जेवणारा सोबती कोणत्या जातीचा हे विचारायचे नसते, हे तो शिकला होता. 1880 साली पुण्याच्या वाड्यात जे सुरू झाले आणि 1882 साली जोतीरावांनी जे मागितले, त्या दोन वाटा इथे एकमेकींना मिळाल्या. आपली शाळा आपण चालवायची, आणि ती सगळ्यांसाठी चालवायची.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकचा अंमल संपला. 1948 च्या कायद्याने वेगळे मंडळ झाले आणि 1949 साली पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. तेव्हापासून शाळा संपल्याचा दाखला हा कॉलेजच्या दारावरचा परवाना न राहता शाळेचा स्वतःचा शेवट झाला, निदान कागदावर तरी. आधी अकरावीला असलेली ही परीक्षा 1975 पासून दहावीला आली. आता गावोगाव हायस्कूल आहे, मुलगे आहेत, मुलीही आहेत. कर्व्यांसारखे घाट ओलांडून परीक्षेला जायची पाळी फारशी कुणावर येत नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मात्र उरतेच. शेवटच्या वर्गाचा निरोपसमारंभ आपण दर वर्षी करतो. हार होतात, भाषणे होतात, फोटो निघतो. निकाल लागला की शाळेच्या फळ्यावर शेकडा किती पास ते लिहिले जाते. लिहावेच; टिळक-आपट्यांनीही शिष्यवृत्त्यांचा अभिमान बाळगलाच होता. पण त्या फळ्यावर ज्यांचे नाव येत नाही, त्यांच्यातही एखादा केशवसुत असतो, एखादा भाऊराव असतो. त्याला शाळा सोडताना मास्तरांचे काय शब्द ऐकायला मिळतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. निकाल लागल्यावर जो मुलगा पेढे घेऊन घरी येतो त्याच्या पाठीवर सगळेच हात ठेवतात. जो येत नाही, त्याच्या घरी एकदा चालत जावे.